देव आणि मधला माणूस

१८५७ च्या जानेवारीत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर एक वाद जुंपला. एका बाजूला विष्णुबावा ब्रह्मचारी, म्हणजे मूळचे विष्णु भिकाजी गोखले. वय एकतीस-बत्तीस, नोकरी सोडून सप्तशृंगीवर तप केलेले, आपले ज्ञान कोणा गुरूकडून नव्हे तर थेट ईश्वराकडून मिळाले असे सांगणारे. दुसऱ्या बाजूला अमेरिकन पाद्री जॉर्ज बोवेन आणि त्यांचे सहकारी. १५ जानेवारीच्या गुरुवारी सुरू झालेल्या या सभा मे महिन्याच्या अखेरीपर्यंत चालल्या; उत्तरेत शिपायांचे बंड पेटले त्या दिवसांतही त्या थांबल्या नाहीत. बोवेन यांनी त्यांचा वृत्तांत इंग्रजीत छापला, मराठीतही पुढे पुस्तक निघाले. ते वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ईश्वर एकच आहे, तो अनादी आहे, सर्वसमर्थ आहे, या जगाचे मूळ त्याच्यापाशी आहे, एवढे दोन्ही पक्षांना मान्यच होते. भांडण होते ते पुढच्या पायरीवर. ईश्वराला आपला पुत्र पाठवून त्याचे रक्त सांडण्याची गरज का पडावी, हा एका बाजूचा सवाल. सगळेच ब्रह्म असेल तर पापी कोण आणि पापातून सोडवणारा कोण, हा दुसऱ्या बाजूचा. म्हणजे देव कसा आहे यावर जेवढा वाद नव्हता, तेवढा तो माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो यावर होता. महाराष्ट्रातला देवाच्या व्याख्यांचा इतिहास या नजरेने पाहिला तर त्याचा उलगडा होतो असे मला वाटते. निरनिराळ्या श्रद्धांच्या माणसांनी देवाला दिलेली विशेषणे शेजारी शेजारी मांडली तर ती आश्चर्य वाटावे इतकी सारखी निघतात. व्याख्या खरी वेगळी होते ती देव आणि माणूस यांच्यामध्ये कोणाला उभे केले आहे तिथे: ग्रंथाला, मूर्तीला, गुरूला, भटजीला, चर्चला, की कोणालाच नाही.

हे एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले असे नाही. तेराव्या शतकात चक्रधरांनी महानुभाव पंथाची जी मांडणी केली, तिच्यात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ नित्य मानले आहेत. परमेश्वर आणि देवता यांच्यात इथे जी रेघ ओढली आहे ती त्या काळाच्या मानाने फार धारदार होती. देवता असंख्य आहेत, त्यांच्या भक्तीचे फळही मिळते, पण ते संपणारे असते. मोक्ष देण्याची शक्ती एकट्या परमेश्वराची. हे तत्त्वज्ञान म्हणून वाचले तर शांतपणे वाचून पुढे जाता येते. पण यादवांच्या राज्यात, जिथे व्रते, दाने आणि उद्यापने यांचा एवढा मोठा पसारा होता की हेमाद्रीने त्यावर 'चतुर्वर्गचिंतामणी'सारखा प्रचंड ग्रंथ रचला, तिथे देवतांच्या हाती मोक्ष नाही असे म्हणणे म्हणजे त्या देवतांच्या सेवेवर जगणाऱ्या सगळ्या व्यवस्थेला निरुपयोगी ठरवणे होते. व्याख्येत बदल झाला होता एका ओळीचा, आणि त्या ओळीने कितीतरी माणसे मधून बाजूला होत होती. पंथाने पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत झाकून ठेवले, यावरून त्याला भोवतालच्या समाजाची किती धास्ती वाटत असावी याचा अंदाज येतो.

त्यानंतर तीनशे वर्षांनी पैठणच्या एकनाथांनी 'हिंदु-तुर्क संवाद' लिहिला. त्यात दोघेही एकमेकांच्या देवाची उणीदुणी काढतात. तुर्काला दगडाच्या मूर्ती आणि पुराणांतल्या देवांची कृत्ये खुपतात. हिंदू विचारतो की देव सगळीकडे आहे तर मग तोंड पश्चिमेलाच का करायचे. या भांडणात दोघांचाही भर दुसऱ्याच्या देवावर कमी आणि दुसऱ्याच्या उपासनेच्या साधनांवर जास्त आहे: मूर्ती, दिशा, बळी, विटाळ. म्हणूनच शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देऊ शकतात. साधने बाजूला केल्यावर भांडायला फारसे उरत नाही. याच सुमारास गोव्यात मात्र वारे उलटे वाहत होते. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन स्थापन झाले, १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली, आणि १५७९ मध्ये तिथे पोहोचलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राशोल येथे आपले 'क्रिस्तपुराण' छापून काढले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्यात देवाला परमेश्वर म्हटले आहे, स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे, आणि निवेदनाची घडणही पुराणाचीच आहे: श्रोते शंका विचारतात, गुरू उत्तर देतात. नव्याने ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाला आपल्या जुन्या पुराणांच्या जागी वाचायला काहीतरी हवे होते, त्या मागणीतून हे काव्य उभे राहिले असे ग्रंथातच आले आहे. परमेश्वराचे वर्णन स्टीफन्स यांनी अशा शब्दांत केले की साष्टीतल्या कोणाही वारकऱ्याला ते परके वाटू नये. पण पुराणिकाच्या आसनावर आता पाद्री बसला होता, आणि ही अदलाबदल मान्य करायला गावकरी किती नाखूश होते हे १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइटांची हत्या झाली त्यावरून दिसते. विशेषणे तीच ठेवून मधला माणूस बदलला की धर्म बदलतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

मुंबईत हा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो छापखाना आणि शाळा यांच्या सोबत. स्कॉटिश पाद्री जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले आणि १८३१ मध्ये त्यांचा मोरभट दांडेकरांशी जाहीर वाद झाला. मोरभटांनी 'श्रीहिंदुधर्मस्थापना' छापली, विल्सन यांनी तिला उत्तर छापले, मग त्यावर आणखी उत्तरे निघाली. विल्सन यांचा सगळा रोख असा की देव नीतिमान असलाच पाहिजे, आणि पुराणांतल्या अवताराची कृत्ये त्या कसोटीला उतरत नाहीत. या हल्ल्याला मिळालेल्या परंपरेच्या उत्तराचा गाभा असा की ईश्वर आपल्या नियमांच्या बाहेर आहे. माणसाचे पापपुण्याचे माप त्याला लावणेच चूक. मला या वादात विल्सन यांच्या प्रश्नापेक्षा त्याचा परिणाम महत्त्वाचा वाटतो. देवाला नीतीची कसोटी लावायची म्हटली की ती कोण लावणार हे ठरवावे लागते, आणि ती कसोटी प्रत्येक शिकलेल्या पोराच्या हातात गेली की तो ती हिंदू पुराणांना लावून थांबत नाही, बायबललाही लावतो. विल्सन यांच्याच शाळा-कॉलेजांच्या शहरातली पुढची पिढी नेमके तेच करू लागली.

पारशी समाजाची गोष्ट या संदर्भात फार बोलकी आहे. १८३९ मध्ये विल्सन यांच्या हातून धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी हे दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले; प्रकरण कोर्टापर्यंत गेले आणि समाज हादरला. १८४३ मध्ये विल्सन यांनी पारशी धर्मावर मोठे पुस्तक लिहून आरोप केला की अहुरमज्द आणि अहरिमन अशा दोन शक्ती मानणारा हा धर्म एकेश्वरी असूच शकत नाही. दस्तुरांना, म्हणजे पारशी पुरोहितांना, लगेच पटेलसे उत्तर देता आले नाही. ते उत्तर पुण्याहून आले. पूना कॉलेजात संस्कृतचे अध्यापन पाहणाऱ्या मार्टिन हाउग या जर्मन पंडिताने १८६२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असे मांडले की पारशी धर्मग्रंथातल्या गाथा हाच जरथुस्त्राच्या स्वतःच्या वाणीचा भाग आहे, आणि त्यात देव एकच आहे. दोन शक्तींची कल्पना तत्त्वज्ञानाची आहे, देवाच्या स्वरूपाची नाही. पारशी सुधारकांनी हे उत्तर उचलून धरले, आणि त्याचे कारण विल्सन यांना गप्प करणे एवढेच नव्हते. दादाभाई नौरोजी आणि नौरोजी फर्दुनजी यांच्या पिढीने १८५१ मध्येच रहनुमाई मज्दयस्नान सभा काढली होती. गाथा खऱ्या आणि बाकीचे पुढच्या काळातले म्हटले की विधींचा मोठा भार आणि त्या विधींवरचा दस्तुरांचा अधिकार दोन्ही हलके होत होते. बाहेरच्याला दिलेले देवाच्या एकत्वाचे उत्तर घरात पुरोहिताच्या जागेविषयीचे उत्तर ठरले.

मधला माणूस हाच देव आहे, असेही म्हणता येते, आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे १८६२ मध्ये तो प्रश्न तसाच येऊन ठेपला. करसनदास मुळजी यांनी 'सत्यप्रकाश' पत्रात १८६० साली पुष्टिमार्गी महाराजांच्या वर्तनावर लिहिले. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. वल्लभ संप्रदायात महाराज हे कृष्णाचे रूप मानले जात, भक्ताने तन, मन, धन त्यांना अर्पण करायचे. डॉ. भाऊ दाजी यांच्यासारख्या प्रतिष्ठित डॉक्टरांची साक्ष झाली, विल्सन यांचीही झाली. न्यायाधीशांनी सांगितले की आमच्यापुढे धर्मशास्त्राचा प्रश्न नाही, नीतीचा आहे, आणि निकाल मुख्यतः करसनदासांच्या बाजूने दिला. हे वाचताना १८३१ चा वाद आठवल्यावाचून राहत नाही. कृष्णाला नीतीची कसोटी लावायची की नाही हा तेव्हा पुराणाच्या पानातला प्रश्न होता. एकतीस वर्षांत तो हवेलीत गादीवर बसलेल्या जिवंत माणसाच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न झाला. गुजराती व्यापाऱ्यांमधल्या या खटल्याने मराठी सुधारकांनाही बळ दिले, कारण शहर एकच होते आणि वर्तमानपत्रे सगळेच वाचत होते.

मराठी सुधारकांची पहिली धडपड गुप्तपणे झाली. व्याकरणकार म्हणून प्रसिद्ध असलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर हे १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे प्राण होते. त्यांच्या 'धर्मविवेचना'तले सिद्धांत साधे आहेत: एकाच ईश्वराची भक्ती, नीती हेच धर्माचे अंग, सगळ्या मनुष्यांची एकच जात. पण सभेत येणाऱ्याला या सिद्धांतांची परीक्षा द्यावी लागत नसे. त्याला ख्रिस्ती भटाऱ्याने भाजलेला पाव खावा लागे आणि जातीबाहेरच्या माणसाच्या हातचे पाणी प्यावे लागे. देव एक आहे यावर तुमचा विश्वास आहे की नाही, हे तोंडाने म्हणून कळत नव्हते. घास गिळताना कळत होते. दादोबांची मंडळी भित्री होती म्हणून त्यांना नावे ठेवली जातात, आणि १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटताच सभा मोडली हेही खरे. पण त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती, ती पुढच्या अनेक धीट माणसांना कळली नाही: देवाची व्याख्या बदलायची तर पंगतीत बदल करावा लागतो. सभा मोडल्यावर सात वर्षांनी, ३१ मार्च १८६७ रोजी, दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उघडपणे स्थापन झाला. केशवचंद्र सेन १८६४ मध्ये मुंबईस येऊन गेले होते, त्यांच्या व्याख्यानांचा प्रभाव ताजा होता. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर लवकरच त्यात आले. देव एक, निराकार, दयाळू, जगाचा कर्ता. तो अवतार घेत नाही. कोणताही एक ग्रंथ त्याने स्वतः प्रकट केलेला नाही. सगळी माणसे त्याची लेकरे. मूर्ती, अवतार, ग्रंथ आणि पुरोहित हे चारही मध्यस्थ इथे एका दमात बाजूला केले होते. मात्र जात मोडण्याची अट समाजाने सभासदांवर घातली नाही.

त्याची किंमत पुण्यात दिसली. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला, तिथे आलेल्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. रानडे, टिळक यांच्यासह हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभवा'त छापली गेली, सनातन्यांनी शंकराचार्यांकडे दाद मागितली, आणि शेवटी १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. ज्या माणसाने आपल्या एकेश्वरी श्रद्धेचे विवेचन अभ्यासपूर्वक लिहून ठेवले होते, ईश्वर आणि माणूस यांच्यात कोणाची गरज नाही हे ज्याला मनोमन पटले होते, त्याला एका कप चहासाठी पुरोहितासमोर बसावे लागले. रानड्यांनी ते मित्रमंडळींची अडचण टाळावी म्हणून केले, भीतीपोटी नव्हे, असे त्यांची बाजू घेणारे सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण माझा मुद्दा रानड्यांच्या धैर्याविषयी नाही. मनात धरलेली व्याख्या आणि घरात चालू असलेली व्याख्या वेगवेगळी असू शकते, आणि इतिहास घडतो तो दुसरीने. श्राद्ध कोण सांगतो, लग्न कोण लावतो, प्रायश्चित्त कोण देतो यावरून त्या घराचा देव ओळखावा लागतो.

जोतीराव फुल्यांनी नेमके तिथेच बोट ठेवले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज निघाला, त्याच्या तत्त्वांत ईश्वर एक आहे आणि सर्व मानव त्याची लेकरे आहेत हे तर होतेच, पण आईला भेटायला किंवा बापाची विनवणी करायला जसा दलाल लागत नाही तसा देवाच्या भक्तीलाही लागत नाही, हे त्याच्या जोडीने स्पष्ट म्हटले होते. मग जोतीरावांनी ते प्रत्यक्षात आणले, आणि स्थळ निवडले लग्नाचे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात भटजीवाचून पहिले सत्यशोधक लग्न लागले. या लग्नांसाठी जोतीरावांनी मराठीत मंगलाष्टके रचली. ती वधूवरांना कळत होती, वऱ्हाड्यांना कळत होती. त्यात वर आणि वधू एकमेकांशी बोलतात, वधू स्त्रियांच्या हक्काची मागणी करते आणि वराला तिला तसे वचन द्यावे लागते. आजवर अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना काय म्हटले जात होते ते ज्यांचे लग्न त्यांनाच कळत नव्हते. इथे आशीर्वाद मागायचा तो सरळ निर्मिकाकडे, म्हणजे जोतीरावांच्या शब्दांत जगाच्या निर्मात्याकडे, आणि वचन द्यायचे ते सरळ एकमेकांना. गावचा जोशी वतनदार होता, त्यामुळे गप्प बसणे त्याला परवडणारे नव्हते. बोलावले नाही तरी दक्षिणेवर त्याचा हक्क आहे, असा दावा होता, आणि इंग्रजांच्या कोर्टात असे वतन म्हणजे मालमत्ताच समजले जाई. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला १८८४ मध्ये शेतकऱ्यांनी आपली लग्ने आपणच लावली तेव्हा जोश्यांनी त्यांना कोर्टात खेचले. या हक्कांवर कायद्याने घाला पडायला १९२६ साल उजाडावे लागले. हिंदूंच्या धार्मिक विधींवरचे हे बंधनकारक हक्क मुंबई इलाख्याच्या कौन्सिलने त्या वर्षी रद्द केले. म्हणजे निर्मिकाच्या व्याख्येतल्या एका कलमाला कायद्याचे रूप यायला पन्नासहून अधिक वर्षे लागली.

जोतीरावांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एक उतारा आहे, तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत धाडसी उतारा वाटतो. एकाच घरातल्या बाईने वाटल्यास बुद्धाचा धर्म स्वीकारावा, तिच्या नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सार्वजनिक सत्यधर्म घ्यावा, आणि चौघांनी एकमेकांचा द्वेष न करता एकत्र राहावे, असे त्यात लिहिले आहे. ज्याने सगळ्या धर्मग्रंथांत कमीअधिक सत्य असले तरी एकही ग्रंथ अथपासून इतिपर्यंत खरा नाही असे म्हटले, त्यालाच हे लिहिता आले. देवाच्या व्याख्या घरात चार असू शकतात. त्या चौघांमध्ये तिसऱ्याने येऊन एकाला दुसऱ्यावर घालू नये, एवढीच अट आहे.

या मांडणीवर पहिला आक्षेप श्रद्धावंतांकडून येईल, आणि तो गंभीर आहे. त्रैक्य, अद्वैत, अल्लाहचे एकत्व यांत खरे, खोल मतभेद आहेत. ते सगळे भटजी आणि पाद्री यांच्या वतनाच्या भांडणात वितळवून टाकणे हा श्रद्धेचा अपमान आहे. मतभेद खरे आहेत हे मला मान्य आहे. पण ज्यांनी ते मनापासून जगले त्यांच्याकडे पाहिले तर काय दिसते? पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. ज्या भगिनी जेराल्डीनने त्यांना मायेने सांभाळले तिच्याशीच त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार पुढे झाला, आणि त्यात त्रैक्याच्या सिद्धांतावर रमाबाईंनी शंका घेतल्या. पण वादाला तिखटपणा आला तो चर्चच्या अधिकारावरून: मी काय मानावे हे बिशप किंवा चर्च ठरवणार का, माझी विवेकबुद्धी मी देवाच्या हवाली केली आहे, माणसाच्या नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. पुरोहितशाहीतून बाहेर पडण्यासाठी जिने इतके सोसले ती दुसरी पुरोहितशाही मानणार नव्हती. हे ज्यांना उमगले त्यांत जोतीराव होते. १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. सिद्धांताचा मतभेद आणि मध्यस्थाचा मतभेद वेगळे करता येत नाहीत, कारण सिद्धांत मानवून घेण्याचा अधिकार कोणाकडे तरी असतोच.

दुसरा आक्षेप भक्तिमार्गाकडून येतो: वारकऱ्यांनी हा मधला माणूस शतकांपूर्वीच काढून टाकला होता, नामाला पुजारी लागत नाही, मग एकोणिसाव्या शतकाचे एवढे कौतुक कशाला? वारीच्या वाटेवर हे खरे आहे, आणि प्रार्थना समाजाने उपासनेत तुकोबांचे अभंग घेतले ते उगाच नाही. परंतु पंढरपूरच्या देवळात गेल्यावर चित्र बदलत होते. विठोबापुढची सेवा बडवे आणि उत्पात यांच्या वंशपरंपरागत हक्काची होती, चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर पायरीपाशी होती, आणि त्यांच्या जातीच्या माणसाला आत पाऊल टाकता यावे यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. बडव्यांचे हक्क संपवणारा कायदा १९७३ चा, आणि त्यावरची कोर्टातली लढाई संपली २०१४ मध्ये. वारकरी संतांनी देवाची जी व्याख्या केली तिची अंमलबजावणी गाभाऱ्यात व्हायला सातशे वर्षे लागली, हे त्या व्याख्येचे अपयश मानण्याचे कारण नाही; व्याख्या कशाशी झुंजत होती ते मात्र त्यावरून कळते. वेदान्त्यांचा तिसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. ब्रह्माची व्याख्या होऊच शकत नाही, मग तिथे मध्यस्थाचा प्रश्न येतो कुठे? पण ब्रह्मसूत्रांवरच्या शंकराचार्यांच्या भाष्यातच शूद्राला वेदातून येणाऱ्या ब्रह्मविद्येचा अधिकार नाही असे ठरवणारे प्रकरण आहे. जे शब्दात सापडत नाही, त्याच्याकडे जाण्याचा रस्ता शब्दांनीच बंद केला होता.

आणखी एक प्रश्न असा की हे सगळे शिकल्यासवरल्यांचे वाद. गावच्या माणसाला देवाची व्याख्या कधी लागली? जेजुरीचा खंडोबा, बांधावरचा म्हसोबा, कुळाची देवी यांना गुणांनी कोणी ओळखत नाही. ओळखतात नात्याने आणि नवसाने. खंडोबाला मुसलमान भक्तांनी मल्लूखान म्हटले आणि त्यासाठी कोणाची परवानगी घेतली नाही. ही श्रद्धा व्याख्येवाचून चालते, आणि तिच्यात एक मोकळेपणा आहे जो वादविवादांतून कधी आला नाही. तरीही इथे मध्यस्थ नाही असे म्हणता येणार नाही. गुरव आहे, भगत आहे, वाघ्या-मुरळी आहेत. आणि मुरळी म्हणून देवाला वाहिलेल्या मुलीच्या आयुष्याचे काय झाले हे ज्याला माहीत आहे त्याला या मोकळेपणाची किंमतही माहीत आहे. जोतीरावांनी 'गुलामगिरी'त या देवांना बळीच्या राज्यातले अधिकारी ठरवले. इतिहास म्हणून ते टिकत नाही, पण त्यामागचा हेतू कळतो: शेतकऱ्याचा देव त्याच्याकडून हिरावून न घेता तो त्याच्याच माणसांत परत बसवायचा.

आगरकरांनी १८८८ पासून 'सुधारका'त देव-देवतांच्या कल्पना कशा उपजल्या याची चिकित्सा केली आणि देवाच्या अस्तित्वाविषयीच आपले अज्ञान कबूल करून वाद वेगळ्या पातळीवर नेला. पण या प्रश्नाचा शेवटचा मोठा टप्पा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो देवदर्शनाच्या ओढीपेक्षा माणुसकीच्या हक्कासाठी होता, आणि पाच वर्षे दार उघडले नाही तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या त्यांच्या ग्रंथात ईश्वर नाकारण्याचे जे कारण दिले आहे ते या सगळ्या इतिहासाच्या ओघात वाचले पाहिजे: ईश्वर मानला की पूजा आणि प्रार्थनेची शक्ती मानावी लागते, ती मानली की पुरोहित उभा राहतो, आणि पुरोहित उभा राहिला की अंधश्रद्धा येते. प्रार्थना समाजाने मध्यस्थ नाकारून देव ठेवला, जोतीरावांनी मध्यस्थाला हुसकून निर्मिक ठेवला. आंबेडकरांनी त्या साखळीची पहिली कडीच काढली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात भदंत चंद्रमणींकडून स्वतः त्रिशरण-पंचशील घेतल्यावर त्यांनी समोरच्या लाखो लोकांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव मानणार नाही ही त्यांतली सुरुवातीची, आणि कोणतेही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून करवून घेणार नाही ही त्यांतलीच पुढची. देव उरला नाही तरी दीक्षा द्यायला कोणीतरी लागतो, आणि बौद्ध परंपरेत ते काम भिक्षूंचे समजले जाई. आंबेडकर भिक्षू नव्हते, गृहस्थ होते, तरी दीक्षा त्यांनीच दिली. आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी जाहीर केले की प्रत्येक बौद्धाला दुसऱ्याला दीक्षा देण्याचा अधिकार आहे.